चेंडूचा पॉइंट

बोलिंगचा स्वतःच्या मालकीचा चेंडू विकत घेतला तर तो अखंड येतो, त्याला एकही भोक नसतं, ही गोष्ट जालन्यात राहून कळण्याचं काही कारण नव्हतं. पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये रांगेत मांडलेले रंगीबेरंगी चेंडू पाहिलेल्या माणसाला वाटतं, तीन भोकं त्यांना जन्मजातच असणार. पण ते भाड्याचे चेंडू. आल्यागेल्या कुणाचीही बोटं आत जावीत अशा ऐसपैस मापाचे. न्यू जर्सीतला माझा भाचा त्या पायरीवरून वर गेला आहे. आठवड्यातली एक संध्याकाळ तो ऑफिसातल्या मंडळींच्या लीगमध्ये खेळतो आणि यंदा त्याने जवळजवळ दोनशे डॉलर मोजून पंधरा पौंडांचा, जांभळ्या रंगाचा चेंडू घेतला. फोनवर तो मला चेंडू गोल फिरवून दाखवत होता आणि मी भोकं शोधत होतो.

‘‘भोकं कुठं पाडायची ते अजून ठरलं नाही मामा,’’ तो म्हणाला. ‘‘एकदा पाडली की पाडली. त्याचंच टेन्शन आलंय.’’

परदेशातल्या नातेवाइकांच्या बहुतेक अडचणी मला नीट कळत नाहीत. व्हिसाचे प्रकार, बर्फातले टायर, डेकेअरच्या फिया. मी ‘हो का, अरेरे’ म्हणून वेळ निभावून नेतो. ही अडचण मात्र सांगता सांगताच कळली. अखंड वस्तूला पैसे देऊन भोक पाडायचं आणि ते नेमकं कुठे पाडावं या विचाराने झोप घालवायची, यात आमच्या जिल्ह्याचा हात कोण धरणार?

जालना बियाण्यांसाठी प्रसिद्ध आहे, सळयांसाठी प्रसिद्ध आहे, मोसंबीला तर भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण अंबडपासून भोकरदनपर्यंत कुठल्याही पारावर बसा, गप्पा फिरून फिरून बोअरवर येतात. कुणाला किती फुटांवर लागलं, कुणाचा कोरडा गेला, कुणाच्या शेजाऱ्याला बांधापलीकडे दहा पावलांवर दोन इंची पाणी लागलं आणि ह्याच्या वाट्याला नुसता फुफाटा. यात नशिबाचा भाग वाटतो तेवढा नसतो. आमच्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे, लाव्ह्याचे थरावर थर. घट्ट पाषाण आपल्या अंगात पाणी धरत नाही. पाणी असतं ते त्याच्या भेगांत, झिजून भुसभुशीत झालेल्या मुरमात आणि दोन थरांच्या मधल्या सांध्यात. भेग सापडली तर मोसंबी जगते. चार हात चुकलं तर तीनशे फूट दगडाचं पीठ करून बोअरची गाडी निघून जाते.

तेव्हा भेग शोधणारी माणसं असणारच. वराहमिहिराने बृहत्संहितेत याच विषयावर एक आख्खा अध्याय लिहिला. जांभळीजवळ वारूळ दिसलं तर काय समजावं, उंबर दिसला तर काय समजावं. त्या अध्यायाचे आजचे वारस म्हणजे आमचे पाणाडे. कुणी तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतात चालतो आणि नारळ उभा राहिला की थांबतो. कुणाच्या हातात कडुनिंबाची बेचकी, कुणाच्या हातात तांब्याच्या दोन काटकोनी तारा. जन्मताना पायाकडून आलेला, म्हणजे पायाळू माणूस असेल तर त्याचा भाव जरा चढा. कसोशीने घेतलेल्या चाचण्यांत ही विद्या योगायोगाच्या पुढे गेलेली नाही. त्यापेक्षा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे भूवैज्ञानिक जमिनीत वीज सोडून तिला होणारा विरोध मोजतात, ते शहाणपणाचं. पण भूवैज्ञानिकाचा पॉइंट, म्हणजे बोअरची जागा, निघाल्यावरही ‘एकदा नारळवाल्याला दाखवून घेऊ’ म्हणणारे आमच्याकडे कमी नाहीत. आणि नारळवाला आधी भूवैज्ञानिकाची खूण कुठे आहे ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून घेतो, असंही ऐकिवात आहे.

एवढ्या अनुभवाच्या बळावर मी भाच्याला विचारलं, ‘‘तुमच्याकडे पॉइंट कोण काढतं?’’

तर तिथेही माणूस आहे. बोलिंगच्या हॉलमध्येच एका कोपऱ्यात त्याचं दुकान असतं, प्रो शॉप म्हणतात त्याला. ड्रिल मशीन, मापाच्या पट्ट्या, मेणाची पेन्सिल. भाचा नवा चेंडू छातीशी धरून गेला, तर दुकानदाराने चेंडूकडे पाहिलंसुद्धा नाही. जुना चेंडू घे आणि चार वेळा टाकून दाखव, म्हणाला. जमिनीला न विचारता आधी शेतकऱ्याला चालायला लावणारा पाणाड्या मी अजून पाहिलेला नाही, त्यामुळे इथे माझे कान टवकारले.

त्याचं म्हणणं असं. बोलिंगची पट्टी साठ फूट लांब. तिच्या सुरुवातीच्या चाळीसेक फुटांवर तेलाचा हात दिलेला असतो, शेवटचा भाग कोरडा. चेंडू तेलावरून घसरत जातो आणि त्याच्या अंगावर तेलाची वर्तुळं उमटतात. त्या वर्तुळांवरून दुकानदार हिशेब करतो की चेंडू हातातून सुटताना कोणत्या आसाभोवती फिरत होता आणि तो आस चेंडूच्या अंगावर कुठे बाहेर निघतो. तो बिंदू सापडला की तिथे पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून पुन्हा टाकायला सांगतात. जागा बरोबर असेल तर चेंडू सुटताना तुकडा जागच्या जागी गरगरतो. चुकली असेल तर डगमगतो. हा बिंदू ज्याचा त्याचा वेगळा. मनगट कसं वळतं, बोटं कधी सुटतात, यावर तो ठरतो. चेंडू बदला, तो तुमच्याबरोबर पुढच्या चेंडूवर येतो.

दुसरी खूण चेंडूची स्वतःची. वरून गोलमटोल दिसणाऱ्या चेंडूच्या पोटात मुद्दाम वेडावाकडा केलेला गाभा असतो. त्याचं डोकं कोणत्या दिशेला आहे हे कंपनी बाहेरून एक रंगीत ठिपका देऊन सांगते. (आमच्या जमिनीला कुणी असा ठिपका देऊन ठेवला असता तर निम्मा जिल्हा सुखी झाला असता.) आता सगळा खेळ या दोन खुणांमधल्या अंतराचा. ठिपका आसाच्या बिंदूवरच ठेवला, किंवा त्यापासून पावणेसात इंचांवर, म्हणजे घेराच्या चौथ्या हिश्श्यावर ठेवला, तर चेंडू मुकाट्याने एकाच पट्ट्यावर फिरतो. बरोबर मध्यावर, तीन इंच तीन सुतांवर ठेवला की गाभा अस्वस्थ होतो, आस सरकत राहतो आणि दर फेऱ्याला चेंडूची नवी, तेल न लागलेली कातडी पट्टीला लागते. कोरडी कातडी पकड घेते आणि चेंडू शेवटाला जास्त वळतो. भाच्याने मला ३.३७५ असा आकडा सांगितला होता, पण सळयांच्या गावात तो तीन इंच तीन सूत असाच डोक्यात शिरतो.

इतकं वळवायचं कशासाठी, हे माझ्या बहिणीने विचारलं. ती अंबडला असते आणि मुलाच्या खर्चावर तिचं तिथून बारीक लक्ष असतं. तर समोरच्या दहा पिनांपैकी पहिलीला सरळ नाकावर ठोकलं की मधल्या पडतात आणि दोन्ही कडांच्या उभ्या राहून बघत बसतात. तेच चेंडू साधारण सहा अंश तिरका येऊन पहिल्या आणि तिसऱ्या पिनेच्या फटीत घुसला तर सगळ्या आडव्या होण्याची शक्यता सर्वांत जास्त. बहिणीने ऐकून घेतलं. ‘‘दोनशे डॉलरचा चेंडू,’’ ती म्हणाली, ‘‘अन् भोकं पाडायचे वेगळे पैसे. लहानपणी गोट्या खेळायचा तेव्हा बरा होता.’’ खरं आहे. गोट्यांच्या खेळात गल जमिनीत असायची आणि गोटी अखंड. भोक कुणाच्याच मालकीचं नसल्यामुळे त्यापायी कुणी झोप घालवली नाही.

बोलिंगमध्येही पूर्वी ही भानगड नव्हती. चेंडू लिग्नम व्हिटे नावाच्या जड लाकडाचे असत, १९०५ मध्ये रबरी चेंडू आला, पुढे प्लॅस्टिकचे आले. १९९० नंतर रेझिनची कातडी आणि तऱ्हेवाईक गाभे आले, तेव्हा भोकांना भूमिती चिकटली. मो पिनेल हा अमेरिकन माणूस चेंडूच्या गाभ्यांचा मोठा रचनाकार. २०२१ मध्ये तो गेला. त्याच्या पद्धतीत भोकांची मांडणी तीन आकड्यांत सांगतात. पहिला कोन चेंडू लवकर जागा होणार की उशिरा हे ठरवतो, मधला आकडा ठिपका आणि आसाचा बिंदू यांमधलं अंतर, आणि शेवटचा कोन चेंडू वळताना घाई करणार की सावकाशीने घेणार ते सांगतो. भाचा आता बोलता बोलता ‘पन्नास-चार-तीस’ म्हणतो, ‘सत्तर-साडेचार-पन्नास’ म्हणतो. त्याच्या आईला हे रक्तदाबाचे आकडे वाटतात आणि ती मला फोन करते.

भाच्याने अशा आकड्यांची एक वहीच केली होती. ती घेऊन तो दुकानात गेला. दुकानदाराने वही आदराने चाळली, मांडणीबद्दल दोन वाक्यं बोलला आणि नंतर बराच वेळ भाच्याच्या अंगठ्यावर घालवला. तळहाताचा ताण किती, बोटांची पेरं किती लवतात, भोक सरळ हवं की किंचित आत किंवा बाहेर कललेलं. अंगठा दिवसभरात बारीक-मोठा होतो, उकाड्यात फुगतो, थंडीत आक्रसतो. म्हणून लोक अंगठ्याच्या भोकात चिकटपट्टीचे थर कमीजास्त करत राहतात. अंगठा वेळेवर सुटला नाही तर पन्नास-चार-तीस काही कामाचं नाही, चेंडू शेजारच्या पट्टीवर जातो. काही मंडळींनी हा प्रश्न मुळातूनच सोडवला आहे. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमोंटे दोन हातांनी चेंडू टाकतो आणि अंगठ्याला भोकच ठेवत नाही. जगातल्या थोर बोलरांत त्याचं नाव घेतात, आणि भाचा त्याचं नाव निघालं की विषय बदलतो.

मी भाच्याचे व्हिडिओ पाहिले आहेत. एक फेक पाहावी, तर हात लंबकाची रेषा सोडत नाही. पुढची पाहावी, तर कुणीतरी मागून हाक मारली असावी. दोन फेकींत जेवढं अंतर पडतं तेवढं त्याच्या वहीतल्या कुठल्याही दोन मांडण्यांत नसणार. हे मी त्याला म्हटलं नाही. मामाने काय बोलू नये याचीही एक रीत असते. पण दुकानदाराने दुसऱ्या शब्दांत तेच सांगितलं. चेंडू कसा वागेल हे आधी त्याच्या कातडीवर अवलंबून, भोकांचा नंबर नंतर. पाचशे नंबरच्या पॅडने घासला की कातडी खरबरीत होते आणि चेंडू लवकर पकड घेतो. चार हजारने घासला की गुळगुळीत होऊन लांबवर घसरत जातो. घासायला पैसे फार लागत नाहीत, जमलं नाही तर पुन्हा घासता येतं. बरं, भोकंसुद्धा भाच्याला वाटलं होतं तितकी कायमची नसतात. पातळ रेझिन ओतून बुजवायची, वाळू द्यायची, घासून एकसारखी करायची आणि नव्याने पाडायची. ठिगळ दिसतं, एवढंच.

भाच्याला हे ऐकून हायसं वाटलं असेल अशी माझी कल्पना. तो उलट हिरमुसला. घासण्यावर कोण वाद घालणार? त्याची वही कुठून भरणार?

त्याचा हिरमोड पाहून मला कडवंची आठवली. कडवंची जालना तालुक्यातलं गाव. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने, विजयअण्णा बोराड्यांच्या पुढाकाराने, तिथे १९९० च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून काम उभं केलं. चर खणले, बांध घातले, ओढ्यांना अडवलं. सगळं वरच्या कातडीचं काम. पडेल तो पाऊस थांबवायचा आणि मुरवायचा. पुढे द्राक्षं आली, शेततळी शेकड्यांनी झाली, आणि २०१२ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा तोडून सरपणाला जात होत्या तेव्हा कडवंचीचे द्राक्षमळे हिरवे होते. (पाऊस साठवायच्या तळ्यात बोअरचं पाणी उपसून भरायची युक्ती नंतर बऱ्याच ठिकाणी निघाली. त्यावर बोलायला लागलो तर हा लेख चिडका होईल.)

इतकं असून पारावर कडवंचीच्या बांधाची गोष्ट कुणी रंगवून सांगत नाही. बांधात रंगवण्यासारखं आहे काय? सहा महिने माती ओढायची, मग पावसाची वाट पाहायची, आणि दोन वर्षांनी विहिरीचं पाणी हातभर वर आलं म्हणून आनंद मानायचा. बोअर म्हणजे एका रात्रीचं नाटक. गाडी येते ती बहुधा तमिळनाडूची. तिरुचेंगोडे हे तिथलं गाव बोअरच्या गाड्यांसाठी देशभर ठाऊक आहे. नारळ फुटतो, कॉम्प्रेसर सुरू होतो आणि शेजारच्या चार वस्त्यांवर कुणाला झोप लागत नाही. आधी मातकट, मग पांढरी भुकटी, मध्येच तांबडी, की सगळे पुढे सरकतात, आणि परत काळी. जो तो चिमूटभर भुकटी बोटांत चोळून पाहतो आणि तज्ज्ञासारखा गप्प राहतो. कायद्याने साठ मीटरच्या खालच्या विहिरीला खोल विहीर म्हटलं आहे आणि अधिसूचित क्षेत्रात तिला मनाई आहे, पण रात्री दोनच्या सुमाराला कायदा आठवत नाही. मालक फुटामागचा दर मनात गुणत उभा असतो. आणि ‘अजून एक रॉड टाका, पाणी इथंच आहे’ असं म्हणणारा एक मेहुणा असतोच, ज्याच्या खिशातलं काही जात नसतं. भोक साडेसहा इंचांचं. भाच्याचा चेंडू साडेआठ इंचांचा, म्हणजे आत जाणार नाही, हे मी एकदा अशा ठिकाणी उभ्या उभ्या मोजून पाहिलं.

बोलिंगचे नियम ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या बोलिंग काँग्रेसचा एक नियम मला फार आवडला. पूर्वी चेंडूचं वजन सावरायला एक जादा भोक पाडायची मुभा होती. १ ऑगस्ट २०२० पासून ती गेली. आता ज्या भोकात बोट घालून चेंडू धरायचा तेवढीच भोकं चालतात, आणि जे पाडलं आहे ते दर फेकीला वापरलं पाहिजे. अंगठ्याचं भोक ठेवलंत आणि एखादी फेक अंगठा बाहेर ठेवून टाकलीत, तर तो चेंडू नियमात बसत नाही. मी हे पारावर सांगितलं. ज्या भोकाचा उपयोग नाही ते भोक बाद, हा नियम आपल्याकडे आला तर कुणाच्या शेतात किती बाद होतील याचा अंदाज सुरू झाला आणि तो पुढे भांडणावर गेला, म्हणून मी थांबवला. कोरडा बोअर मात्र बुजवावा, निदान घट्ट झाकण तरी लावावं. त्यात लेकरं पडतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच याबद्दल बजावून ठेवलं आहे.

भाच्याचं शेवटी काय ठरलं ते सांगायचं राहिलं. दुकानदाराने वही बाजूला ठेवली आणि मेणाच्या पेन्सिलीने आपल्या अंदाजाने ठिपका साडेचार इंचांवर येईल अशी मांडणी काढली. ना फार शांत, ना फार अस्वस्थ. बहुतेक जण येतात त्यांना हीच बरी पडते, म्हणाला. भाचा मित्रांना सांगतो की बऱ्याच अभ्यासाअंती मी साडेचारवर आलो. यात मला काही वावगं दिसत नाही. आमच्याकडेही नारळवाल्याचा एक पॉइंट निघतो, तारवाल्याचा दुसरा, भूवैज्ञानिकाचा तिसरा. त्यानंतर गाडीचा ड्रायव्हर उतरतो, चिखल बघतो, वरच्या विजेच्या तारा बघतो आणि जिथवर गाडी जाईल तिथे भोक पडतं. मालक पुढे आयुष्यभर सांगतो की जागा मीच हेरली होती.

आमच्या ओळखीतले एक पाणाडे आहेत, नारळवाले. वयाने माझ्याहून मोठे, त्यामुळे सगळे त्यांना तात्या म्हणतात. परवा ते चहाला आले तेव्हा मी त्यांना फोनवर तयार झालेला चेंडू दाखवला आणि भोकांची सगळी कथा ऐकवली. तेल, आस, ठिपका, अंश. त्यांनी बशीतला चहा संपेपर्यंत ऐकलं.

‘‘किती खोल गेली भोकं?’’

‘‘दोन-तीन इंच.’’

‘‘अन् तो माणूस पैसे कवा घेतो? भोक पाडायच्या आधी का मागून?’’

‘‘आधी.’’

‘‘मंग चेंडू नाहीच वळला तर?’’

‘‘तर म्हणतो, टाकणाराचा हात चुकला.’’

तात्यांनी बशी खाली ठेवली. ‘‘मंग येतंय त्याला काम,’’ म्हणाले.